जुनी जर्सी धुऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खेळाडूंच्या वापरलेल्या वस्तूंच्या लिलावांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता. माझ्या धाकट्या बहिणीने इचलकरंजीहून त्याचे फोटो काढून मला पाठवले. घामाने मळलेल्या, फाटक्या सदऱ्यासाठी माणसं एवढे पैसे का मोजतात, असं लेखकाने विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. आइस हॉकीच्या सामन्यांत प्रत्यक्ष घातलेल्या जुन्या जर्स्या मी वीसेक वर्षं जमवते आहे. आज माझ्याकडे एकतीस आहेत. सगळ्यात स्वस्त चाळीस डॉलरची, सगळ्यात महाग तीनशेची, म्हणजे लेखातल्या लिलावांशी माझा काही संबंध नाही. पण जमवायला लागण्याच्या बऱ्याच आधीपासून मी या जर्स्या शिवत होते. त्यामुळे उत्तर द्यायचा थोडा हक्क मला आहे असं वाटतं, आणि शेवटी वाचकांकडे एक मागणंही आहे.

माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर होते. कापडातली गाठ, सुटलेला धागा, दाट-विरळ पडलेली वीण हे सगळं बोटांनी ओळखायला मी शाळेत जायच्या आधी शिकले. लग्न होऊन नोव्हेंबर १९८७ मध्ये कॅनडात एडमंटनला आले, तेव्हा इंग्रजी जेमतेम होतं आणि हॉकी म्हणजे गवतावरची, एवढंच ठाऊक होतं. पुढच्या मे महिन्यात आमच्या शहराच्या ऑयलर्स संघाने बोस्टनला हरवून स्टॅनले कप, म्हणजे इथल्या आइस हॉकीचा सगळ्यात मोठा चषक, जिंकला आणि रात्रभर रस्त्यात गाड्यांचे हॉर्न वाजत राहिले. त्यानंतर ९ ऑगस्ट १९८८ ला ऑयलर्सचा सगळ्यात मोठा खेळाडू वेन ग्रेट्स्की याला लॉस एंजेलिसच्या संघाला देऊन टाकल्याची बातमी आली. शेजारच्या घरातली आजीबाई, एरवी फुलझाडांशिवाय कशावर बोलायची नाही, ती अंगणात उभी राहून रडत होती. त्या दिवशी मला कळलं की या गावात हा खेळ नुसता खेळ नाही.

मी नोकरीला लागले ती बूट आणि स्केट दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात. मागच्या बाजूला शिवणयंत्र होतं. एका ज्युनियर संघाचा, म्हणजे सोळा ते वीस वर्षांच्या पोरांच्या संघाचा, इक्विपमेंट मॅनेजर दर सोमवारी सकाळी एक मोठी काळी पिशवी आणून टाकायचा. शुक्रवारी सामना, त्यामुळे गुरुवारपर्यंत सगळं तयार हवं. पिशवी उघडली की पहिल्यांदा वास यायचा. ओल्या कुत्र्याचा, रबराचा, औषधाचा. मग एकेक जर्सी टेबलावर पसरायची आणि कुठे काय झालंय ते बघायचं.

कोपरं सगळ्यात आधी जातात. मग मनगटाजवळचा काठ, कारण हातमोज्याची कड तिथे सतत घासते आणि कापडावर बारीक गोळे धरतात. स्केटचं पातं लागलं की खालच्या घेराला चीर पडते. खांद्याची शिवण उसवते ती ओढाताणीने. या खेळात मारामारी होते आणि समोरचा जर्सी धरून डोक्यावरून ओढतो, म्हणजे हात अडकतात. ते होऊ नये म्हणून पाठीच्या आतून एक पट्टा शिवलेला असतो, त्याला ‘फाइट स्ट्रॅप’ म्हणतात. तो पँटला अडकवायचा. बफेलो संघाचा रॉब रे मारामारीत जर्सी मुद्दाम अंगावरून निघू द्यायचा, म्हणजे समोरच्याला धरायला काही उरायचंच नाही. अखेर १९९० च्या दशकात जर्सी बांधलेलीच हवी असा नियम एनएचएलला, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक आइस हॉकी लीगला, कडक करावा लागला. हा पट्टा ताणून ताणून मुळाशी फाटतो. तिथे मी आतून दुहेरी कापड लावून चौकोनात फुली मारून शिवायची. पिशवी उचलायच्या पट्ट्याला आपल्याकडे मारतात तशीच.

प्रत्येक दुरुस्तीचे पैसे वेगळे मिळत, म्हणून मी एक वही ठेवली होती. तारीख, जर्सीचा नंबर, काय फाटलं, काय केलं, किती सेंट. अशा अकरा वह्या झाल्या. त्यांचा पुढे उपयोग होईल असं मला कधीच वाटलं नव्हतं.

२००४ मध्ये एका चर्चच्या तळघरात जुन्या खेळसाहित्याचा बाजार भरला होता. मी मुलाला स्केट बघायला नेलं होतं. एका टेबलावर ढिगात एक पांढरी जर्सी पडली होती. पाठीवर १७, वर नाव नाही. सहज डावी बाही उलटली आणि हात थांबला. कोपरावर आतून लावलेलं ठिगळ, कडेने आखूड टाके, आणि कोपऱ्यावर दोरा तोडण्याआधी तीन वेळा मागे घेतलेला. वडिलांनी मला तसं शिकवलं होतं, तिथे दुसरं कोणी तसं करत नव्हतं. तो माझाच हात होता.

चाळीस डॉलर देऊन जर्सी घेतली आणि घरी येऊन वह्या काढल्या. ११ फेब्रुवारी १९९४, नंबर १७, डावं कोपर, शिवाय उजव्या खांद्याची शिवण. खांदा बघितला, तिथेही होती. नावाची पट्टी काढून टाकलेली होती, पण सुईची भोकं जाळीत जशीच्या तशी होती आणि पट्टीखालचं कापड बाकीच्या पाठीपेक्षा पांढरं राहिलं होतं. खिडकीच्या काचेला लावून भोकं मोजली आणि पट्टीची लांबी लक्षात आली. त्या वर्षी १७ नंबर घालणाऱ्या पोराचं आडनाव दहा अक्षरांचं होतं, तेही बरोबर बसलं. आडनाव शिवलंही मीच होतं. तो पोरगा एनएचएलपर्यंत पोचला नाही. मला वाटतं, वर्षभराने त्याने खेळ सोडला. पण एका हिवाळ्यात तो त्या जर्सीत पडला होता, उठला होता, कोणाशी तरी भिडला होता, आणि ते सगळं त्या कापडावर लिहिलेलं माझ्या टेबलावर होतं.

लेखकाच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. दुकानातली नवी जर्सी आणि सामन्यात घातलेली जर्सी यांत फरक पाडतं ते फाटणं आणि मळणं. इथले जमवणारे त्याला ‘वेअर’ म्हणतात आणि जर्सी हातात घेतली की आधी तेच शोधतात. पकचा, म्हणजे या खेळात चेंडूऐवजी असते त्या रबरी चकतीचा, काळा ठसा. काठीवरच्या टेपचे काळे ओरखडे. रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कठड्यावर आपटून घासलं गेल्याचा रंगीत डाग, त्याला ‘बोर्ड बर्न’ म्हणतात. तिथे बोट फिरवलं तर पॉलिस्टरचे तंतू घर्षणाने कडक झालेले लागतात. हे सगळं जुन्या फोटोंशी ताडून बघतात. जाळीवर आकडा कुठे बसला आहे, कुठलं भोक आकड्याच्या कडेखाली अर्धं गेलं आहे, ठिगळ कुठे आहे. प्रत्येक जर्सीवर हे वेगळं पडतं, हाताच्या ठशासारखं. फोटो जुळला की खात्री होते की त्या रात्री, त्या सामन्यात, त्या माणसाच्या अंगावर हीच होती.

जुन्या जर्सीत हे लिखाण जास्त दाट असतं. हल्ली संघ एका मोसमात जर्स्यांचे अनेक संच वापरतात. १९७० च्या दशकात आणि त्याआधी थोड्याच असायच्या, त्याच पुन्हा पुन्हा शिवून घालायचे. मोसम संपला की नाव उसवून जर्सी खालच्या लीगमधल्या संघाकडे जायची नाहीतर सरावाला, आणि तिच्यावर दुसऱ्याचं नाव चढायचं. माझ्याकडे एक आहे, तिच्या पाठीवर तीन नावांच्या भोकांच्या ओळी एकमेकींवर पडल्या आहेत. मला ती फार आवडते, विकत घेणाऱ्यांना मात्र तीच सगळ्यात नकोशी वाटते.

कापडही बदलत गेलं. सुरुवातीला या जर्स्या जाड लोकरीच्या असत, म्हणून कॅनडात आजही म्हातारी माणसं जर्सी न म्हणता ‘स्वेटर’ म्हणतात. पुढे लोकर जाऊन हलकी कापडं आली आणि १९७० च्या दशकात जाळीचं कापड. जर्स्या बनवण्यात ज्यांचं मोठं नाव झालं त्या ‘सीसीएम’मधली अक्षरं कॅनडा सायकल अँड मोटर या कंपनीची. १८९९ मध्ये सायकली करायला ती निघाली होती. लोकरीची एकच जर्सी माझ्याकडे आहे. तिला घेतली तेव्हाच कसर लागलेली होती. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद केली आणि दोन आठवडे फ्रीझरमध्ये, भाजीशेजारी ठेवली. मुलं हसली, पण कसर थांबली.

नावांवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती शिवणारीच्या जिव्हाळ्याची आहे. १९७७-७८ च्या मोसमात एनएचएलने जर्सीवर खेळाडूचं नाव सक्तीचं केलं. टोरंटो मेपल लीफ्सचे मालक हॅरल्ड बॅलर्ड अडून बसले. पाठीवर नाव आलं तर सामन्याची माहितीपुस्तिका कोण विकत घेणार, असं त्यांचं म्हणणं. दंडाची तंबी आल्यावर त्यांनी नावं लावली, पण निळ्या जर्सीवर निळ्याच अक्षरांत, कोणाला वाचताच येऊ नयेत अशी. लोक अजून हसून सांगतात. माझ्या मनात मात्र पहिल्यांदा हेच येतं की ती निळ्यावर निळी अक्षरं कोणीतरी रात्री बसून शिवली असतील, डोळे फोडून, आणि ती कोणाला दिसली नाहीत.

आता लाखांच्या जर्स्यांकडे येते, कारण लेखकाचा रोख तिकडे होता. २८ सप्टेंबर १९७२ ला मॉस्कोत कॅनडा आणि सोव्हिएत संघातल्या मालिकेचा आठवा, शेवटचा सामना होता. चौतीस सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने गोल केला आणि कॅनडा ६-५ ने जिंकला. माझ्या वयाच्या कुठल्याही कॅनेडियन माणसाला विचारा, तेव्हा तो कुठे बसला होता ते सांगेल. ती जर्सी हेंडरसनने संघाच्या ट्रेनरला देऊन टाकली होती. २०१० मध्ये लिलावात ती दहा लाख अमेरिकन डॉलरच्या वर गेली. टोरंटोच्या एका उद्योजकाने घेतली आणि ती गावोगाव नेऊन लोकांना दाखवली. ग्रेट्स्कीची ऑयलर्ससाठी घातलेली शेवटची जर्सी, १९८८ च्या त्या अंतिम सामन्यातली, २०२२ मध्ये १४ लाख ५२ हजार डॉलरला गेली. ग्रेट्स्की जर्सीची उजवी बाजू पँटमध्ये खोचून खेळायचा. लहानपणी मोठ्या पोरांत खेळताना जर्सी गुडघ्यापर्यंत यायची, ती काठीत अडकू नये म्हणून वडिलांनी खोचून दिली, ती सवय कायम राहिली. घरात पडलेल्या सवयीला शेवटपर्यंत न सोडणारा तो माणूस मला म्हणूनच जवळचा वाटतो.

एवढे पैसे योग्य की अयोग्य यावर मी बोलणार नाही. माझ्या मते अशा वस्तू देशाच्या संग्रहालयात असाव्यात. मॉंट्रियलच्या संघाचा दिग्गज खेळाडू मॉरिस रिशार याच्या वस्तू २००२ मध्ये लिलावाला निघाल्या, तेव्हा कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने त्यातल्या कितीतरी विकत घेतल्या. ते संग्रहालय ओटावाजवळ, गॅटिनोला आहे.

पैशामुळे खोटेपणाही आला आहे, आणि तोच मला जास्त छळतो. २०११ मध्ये मी स्वतः फसले. एका विक्रेत्याकडून २६० डॉलरला जर्सी घेतली, दोन ठिकाणी छान दुरुस्ती होती. घरी आणून दिव्याखाली धरली. खरंच ओढून फाटलेल्या जाळीत भोकाच्या भोवतीचे धागे ताणले जातात, आजूबाजूची वीण वाकडी होते. इथे वीण सरळ होती आणि धाग्यांची टोकं एका रेषेत. आधी कात्रीने कापलं होतं आणि मग शिवलं होतं, म्हणजे मार बसलाच नव्हता, नुसतं औषध लावलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. ती जर्सी मी ठेवली आहे. नवीन जमवणारी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा खरी आणि खोटी शेजारी ठेवून त्यांच्या हातात देते. त्यांतली दोन पोरं पंजाबी आहेत. हॉकीचे सामने २००८ पासून इथे पंजाबी समालोचनासह ऐकायला मिळतात. माझ्या मुलाचं आडनाव कोणालाही उच्चारता येत नसे अशा रिंकमध्ये मी बाकड्यावर बसून वर्षं काढली आहेत, म्हणून भारतीय घरातून एनएचएलमध्ये पोचलेल्या पहिल्या खेळाडूचं, रॉबिन बावाचं नाव या पोरांच्या तोंडून ऐकताना मला बरं वाटतं.

आता पत्र लिहिण्याचं खरं कारण.

दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून माझ्या भाच्याने एक फोटो पाठवला. त्याच्या मित्राचे आजोबा सेनादलाच्या एका संघातून हॉकी खेळत, घर खडकीत. आजोबा गेले, ट्रंकेत त्यांची जर्सी सापडली. सुती, निळी, पाठीवर पांढऱ्या कापडाचा ६. घरच्यांनी प्रेमापोटी ती ड्रायक्लीनला दिली, खांद्यावरची चीर रफू करून घेतली, इस्त्री केली आणि गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवून फ्रेम केली. फोटो अभिमानाने पाठवला होता. मी काय बोलणार? ‘छान’ लिहिलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. त्या पोरांची काहीच चूक नाही. फाटकं ते शिवावं, मळलेलं ते धुवावं, हीच आपली रीत, आणि रोजच्या कपड्यांना ती बरोबरच आहे.

पण खडकीच्या गल्ल्यांत अशा आणखी ट्रंका असणार. धनराज पिल्ले त्याच वस्तीतून निघाले आणि चार ऑलिंपिक खेळले. ज्यांचं नाव कधी छापून आलं नाही असे खेळाडू तिथे किती झाले असतील! आणि मोठं नाव असलं म्हणून वस्तू टिकतातच असंही नाही. बलबीर सिंग सीनियर, १९४८, १९५२ आणि १९५६ असे तीन वेळा सुवर्णपदक मिळवणारे, त्यांनी १९८५ मध्ये आपली छत्तीस पदकं, शंभराहून अधिक फोटो आणि मेलबर्न ऑलिंपिकमधला कप्तानाचा ब्लेझर होऊ घातलेल्या क्रीडा संग्रहालयासाठी देऊन टाकला. सगळं नाहीसं झालं. २०२० मध्ये ते वारले, तोवर ते सापडलं नव्हतं. इथे कॅनडातही त्यांचं घर होतं, त्यामुळे ही गोष्ट इथल्या भारतीयांत अजून सांगितली जाते, आणि सांगणाऱ्याचा आवाज दरवेळी खाली जातो.

म्हणून ज्यांच्या घरात कोणा खेळाडूची जर्सी असेल, हॉकीची, कबड्डीची, कुठल्याही खेळाची, त्यांना हात जोडून सांगते. धुऊ नका. डाग काढू नका, रफू करू नका, उसवलेलं नाव पुन्हा लावू नका. तारेच्या हँगरला टांगू नका, विणलेलं कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं. आडवी ठेवा, घडी कमीत कमी, आणि घडीत जुन्या कापडाची गुंडाळी घाला म्हणजे दुमड धरणार नाही. प्लास्टिकपेक्षा मांजरपाट बरा, पण आधी दोन-तीनदा उकळून धुऊन त्यातली खळ काढलेला. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. पावसाळा संपला की सावलीत एकदा उघडून बघा. आणि सगळ्यात आधी एका कागदावर लिहा: कोणाची, कुठल्या संघाची, साधारण कुठल्या वर्षीची, कुठे फाटली. आठवणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या. माझ्या अकरा वह्यांसाठी आज व्हँकुव्हर आणि टोरंटोहून फोन येतात, कारण १९९४ मधलं कोपर कोणी शिवलं हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.

भाच्याच्या मित्राला मी नंतर सविस्तर कळवलं. रफू उसवू नका, आता ती रफूही त्या जर्सीच्या अंगची झाली, फक्त आजींना विचारा की खांदा कसा फाटला. आजींना लगेच आठवलं. मुंबईला आगाखान चषकाच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याची काठी अडकून फाटला, साल बहुधा १९६४, आणि घरी आल्यावर त्या शिवायला बसल्या तर आजोबांनी शिवू दिला नाही. नातवाने ते लिहून कागद फ्रेमच्या मागे लावला आहे.

त्या सुमाराच्या आगाखान चषकाचे फोटो, विशेषतः निळ्या जर्सीतल्या सेनादलाच्या संघाचे, आपल्या कोणा वाचकाकडे असतील तर कृपया वृत्तपत्राच्या पत्त्यावर कळवावं. पाठीवरचा ६ दिसत असेल तर फारच बरं. सहाचं खालचं वाटोळं जरा डावीकडे झुकलेलं शिवलं आहे, त्यावरून मी ओळखीन.

आपली नम्र,
एक वाचक
एडमंटन, कॅनडा (मूळ इचलकरंजी)